देवाची वाणी आणि संसाराचा गलबला : वाशीमच्या ख्रिस्ती परंपरेच्या निमित्ताने

ईश्वराची वाणी ऐकू यावयाची तर एकांत हवा, हा बहुतेक सर्व धर्मांतील साधनामार्गाचा रूढ सिद्धांत आहे. एकांताला मात्र जागा लागते, वेळ लागतो, आणि कोणी हाक मारली असता तत्काळ ओ द्यावी लागणार नाही, एवढी सामाजिक मोकळीकही लागते. ह्या तीनही गोष्टी ज्यांच्या वाट्याला आल्या नाहीत अशा माणसांनी देवाची वाणी कोठे व कशी ऐकली, हा प्रश्न धर्मेतिहासात क्वचितच विचारला जातो. मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात तो टाळता येत नाही. कारण ज्या भक्तिपद्धतीने त्या समाजाला देवाशी खाजगी संभाषण करण्यास शिकविले, ती पद्धती दार लावून घेता येणाऱ्या घरांतून आलेली होती. आणि जो समाज ती शिकला त्याच्या घरांना बहुधा तसे दारच नव्हते.

ह्या प्रश्नाचा विचार करण्यास वाशीमचे उदाहरण सोयीचे आहे. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेची राजधानी म्हणून हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. तथापि येथे प्रस्तुत आहे तो त्याचा अलीकडचा काळ. इंग्रजी अमलात वाशीम हा वऱ्हाडातील स्वतंत्र जिल्हा होता. इ. स. १९०५ च्या पुनर्रचनेत तो मोडला, व १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून पुन्हा वेगळा झाला. जुन्या जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ साली सुमारे ३,९८,००० होती. १९०१ साली ती सुमारे ३,५३,००० भरली. मधल्या दहा वर्षांत १८९६–९७ व १८९९–१९०० असे दोन दुष्काळ होऊन गेले होते. वऱ्हाडातील ख्रिस्ती संस्थांचे काम ह्याच काळात वाढले. मुलांची वसतिगृहे, मुलींच्या शाळा, खेड्यापाड्यांतून हिंडणारे प्रचारक, हे सर्व एका विस्कटलेल्या प्रदेशातील काम होते. वाशीमला अमेरिकन मेथॉडिस्ट मिशनचे ठाणे होते. १९३० नंतरच्या दशकात मेथॉडिस्टांनी ते नाझरीन मंडळीच्या हवाली केले; आणि १९३८ साली, पूर्वी शाळेकडे असलेल्या इमारतीत, १९३६ साली भारतात आलेल्या डॉ. ऑर्फा स्पायकर ह्यांनी रुग्णालय उघडले. रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल ह्या नावाने ते वाशीमच्या पंचक्रोशीत ओळखले जाते.

नाझरीन मंडळी कोणत्या परंपरेतली, हे पाहिल्याखेरीज पुढील विवेचन स्पष्ट होणार नाही. १९०८ साली टेक्सासमधील पायलट पॉइंट येथे अनेक लहान मंडळ्या एकत्र येऊन ही संस्था स्थिर झाली; वऱ्हाडात बुलढाणे येथे लेटन ट्रेसी ह्यांच्या नावाशी तिचे आरंभीचे काम निगडित आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत मेथॉडिस्ट पंथाच्या पोटी जी पावित्र्य-चळवळ उत्पन्न झाली, तिची ही शाखा होय. ह्या चळवळीतील माणूस देव आपल्याशी बोलतो असे केवळ मानीत नाही. तो आपल्या दिनक्रमात त्या बोलण्याची वाट पाहतो. कोठे जावे, कोणास भेटावे, पत्र आज लिहावे की उद्या, अशा क्षुल्लक वाटणाऱ्या बाबतींतही तो आतील सूचनेकडे कान देतो.

ह्यातील धोका त्या चळवळीच्या पुढाऱ्यांच्या ध्यानात आला नव्हता असे नाही. मार्टिन वेल्स नॅप ह्या अमेरिकन प्रचारकाने १८९२ साली अंतःप्रेरणांवर एक छोटे पुस्तक लिहिले. मनात उठणारी प्रत्येक प्रेरणा वरून येत नाही, काही खालूनही येतात, हे त्याचे मुख्य प्रतिपादन. प्रेरणेच्या परीक्षेसाठी त्याने चार कसोट्या सांगितल्या : ती शास्त्राला धरून आहे काय, नीतीच्या दृष्टीने योग्य आहे काय, परिस्थितीने तिला वाट मोकळी करून दिली आहे काय, आणि ती विवेकबुद्धीस पटते काय. भावनाप्रधान म्हणून ज्या चळवळीची संभावना होते, तिच्यातच इतकी कोरडी व व्यवहारी कसोटी तयार व्हावी, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ह्या चारही कसोट्यांत शांततेचा कोठे उल्लेख नाही. वाणी शांत वेळी आली म्हणून ती देवाची ठरत नाही, व गोंगाटात आली म्हणून खोटीही ठरत नाही.

ह्याचे मूळ खुद्द जॉन वेस्लीच्या चरित्रात सापडते. २४ मे १७३८ रोजी लंडनमधील ऑल्डर्सगेट रस्त्यावरील एका सभेस तो मनाविरुद्धच गेला होता. तेथे कोणी एक गृहस्थ रोमकरांस पत्राला ल्यूथरने लिहिलेली प्रस्तावना वाचून दाखवीत असता वेस्लीच्या अंतःकरणात पालट झाला. एकांतातील ध्यानात जे साधले नव्हते ते परक्याच्या वाचनाने, लोकांच्या बैठकीत साधले. पुढे मेथॉडिस्टांची जी वर्ग-सभा प्रसिद्धीस आली, तिचा उगम तर त्याहून प्रापंचिक आहे. १७४२ साली ब्रिस्टल येथील प्रार्थनागृहाचे कर्ज फेडण्यासाठी दर आठवड्यास प्रत्येकाकडून एक पेनी गोळा करावी, म्हणून सभासदांचे सुमारे बारा-बारा जणांचे गट पाडले गेले. वसुलीला गेलेल्या गटप्रमुखांना घरोघरची भांडणे, व्यसने व आजार दिसू लागले, आणि पैशाच्या हिशेबाबरोबर आत्म्याचा हिशेब घेण्याची प्रथा पडली. ज्याला वाटते की देव आपल्याशी बोलला, त्याने ते ह्या दहा-बारा जणांसमोर मांडावे व त्यांनी ते पारखावे, हा त्या प्रथेचा गाभा होता.

परंतु मिशनऱ्यांबरोबर जी भक्तिपद्धती हिंदुस्थानात आली तिच्यात वर्ग-सभेपेक्षा सकाळच्या शांत घटकेला अधिक महत्त्व होते. पहाटे उठावे, दार लावावे, पवित्र शास्त्र उघडावे, देव काय म्हणतो ते ऐकावे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रार्थनेसाठी खोलीत जाऊन दार लावण्यास सांगितले आहे, त्याचा हा अक्षरशः घेतलेला अर्थ. बंगल्यात राहणारास तो सहज पाळता येत असे. वऱ्हाडातील धाब्याच्या घरात काय होई? ओसरी, माजघर, चूल. आणि त्यात सासू, जावा, पोरेबाळे, कधी एखादे वासरूही. अशा घरातून नव्याने ख्रिस्ती झालेल्या बाईने ‘आपल्या खोलीत जावे’ ह्याचा अर्थ काय करावयाचा? दार लावून बसणारी सून वेडी तरी ठरावयाची किंवा उद्धट तरी. मिशनच्या आवारातील चाळींत व वसतिगृहांतही परिस्थिती फारशी निराळी नव्हती. तेथे एका दालनात वीस-पंचवीस मुली झोपत.

गमतीची गोष्ट अशी की, मेथॉडिस्ट परंपरेच्या मातृस्थानीच ह्या अडचणीचा तोडगा होता. वेस्लीची आई सुझॅना हिला एकोणीस अपत्ये झाली. त्यांपैकी नऊ बालपणीच दगावली. भरल्या घरात प्रार्थना करावयाची तर ती आपला कामाचा अंगरखा डोक्यावरून ओढून घेई, आणि त्या वेळी आईला हाक मारावयाची नाही हे मुलांना ठाऊक असे, अशी आख्यायिका आहे. मराठी बाईजवळ अंगरखा नसला तरी पदर होता. ती कथा वऱ्हाडात कोणी सांगितली असेल तर तिचे भाषांतर करण्याची फारशी गरज पडली नसेल.

पॅरिसमधील एका मठाच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढणाऱ्या व १६९१ साली निवर्तलेल्या ब्रदर लॉरेन्सचे नाव ह्या संदर्भात नेहमी घेतले जाते. भांड्यांच्या खडखडाटातही देवाचे सान्निध्य तितकेच जवळ असते, ही त्याची शिकवण. मराठी वाचकास मात्र इतक्या दूर जावयास नको. जनाबाईच्या जात्याशी विठ्ठल येऊन बसतो, सावता माळ्याला मळा सोडून पंढरीस जाण्याची गरज वाटत नाही. कामात देव ही कल्पना येथे पाश्चात्य मठवासीयाच्या कितीतरी आधीपासून रुजलेली होती. ख्रिस्ती झालेल्या मराठी माणसाने ती धर्माबरोबर टाकून दिली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे ह्यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. पुढे ‘उपासना संगीत’ हे मराठी मंडळ्यांचे गीतपुस्तक घरोघर गेले. गीत पाठ असले की हात कामात राहतो. पुस्तकाची गरज नाही, दिव्याची नाही, खोलीचीही नाही. निरक्षर बाईला शांत घटकेपेक्षा गीत अधिक उपयोगी पडले असले पाहिजे. अभ्यासक ह्या गीतांकडे केवळ काव्य म्हणून पाहतात, हे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे; ती प्रार्थनेची साधने होती.

येथपर्यंत गलबला म्हणजे बाहेरचा गोंगाट असे धरून विवेचन केले. वस्तुतः तो अडथळा किरकोळ. खरा कठीण अडथळा म्हणजे देवाच्या नावाने बोलणारे इतर आवाज : जातीचा, नवऱ्याचा, मिशनचा, मठाचा. ह्या बाबतीत वऱ्हाडाबाहेरील दोन-तीन मराठी चरित्रे अधिक बोलकी आहेत.

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन ह्यांची अपेक्षा अशी की, शिष्येने चर्चच्या अधिकारी वाणीपुढे मान तुकवावी. रमाबाईंचे उत्तर, त्यांच्या पत्रव्यवहारातून दिसते त्याप्रमाणे, नम्र पण ठाम होते : ईश्वराने दिलेली सद्सद्विवेकबुद्धी आपण कोणाच्याही स्वाधीन करणार नाही, एका पुरोहितवर्गाच्या आज्ञेतून सुटून दुसऱ्याच्या आज्ञेत जाण्यासाठी हा प्रवास केलेला नाही. ह्या पत्रव्यवहाराकडे पुष्कळदा वसाहतवादी मिशन व स्वाभिमानी हिंदी स्त्री ह्यांचा झगडा म्हणून पाहिले जाते. ते खरेच आहे; पण त्यात देवाचा आवाज कोणता व संस्थेचा आवाज कोणता हे ओळखण्याचा जो प्रश्न आहे तो राजकीय अर्थाने संपत नाही. रमाबाईंना तो पुढेही पुरला. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडावयाचा होता, असे त्यांनी १९०७ च्या आपल्या साक्षीत बाप्तिस्म्यानंतरच्या वर्षांविषयी नमूद केले आहे.

दुष्काळानंतर केडगावच्या मुक्तिसदनात दोन हजारांच्या आसपास स्त्रिया व मुली राहत होत्या. तेथे शांततेची अपेक्षा करणेच व्यर्थ. दिवस घंटेवर चाले, आणि संस्थेच्या इंग्रजी पत्रकाचे नावच ‘मुक्ति प्रेअर बेल’ होते. १९०५ च्या आरंभी रमाबाईंनी प्रार्थनेसाठी मुलींचा एक गट जमविला. जूनच्या अखेरीस त्याला अनपेक्षित वळण लागले. एका मुलीच्या अंगाभोवती ज्वाळा दिसल्याने तिची सोबतीण पाण्याची बादली आणावयास धावली, व येऊन पाहते तो आग नव्हतीच, असा वृत्तांत त्या काळी प्रसिद्ध झाला. दुसऱ्या दिवशी रमाबाई शास्त्राचे निरूपण करीत असता मुली मोठमोठ्याने रडू व प्रार्थना करू लागल्या, आणि निरूपण थांबवावे लागले. शेकडो कंठ एकाच वेळी आपापली प्रार्थना उच्चारीत. ह्या आवाजाने अनेक पाश्चात्य पाहुणे अस्वस्थ झाले. संस्कृत विद्येत वाढलेल्या, संयमी रमाबाईंना हा प्रकार स्वभावतः मानवण्यासारखा नव्हता. तरी त्यांनी तो दडपला नाही. ज्या मुलींना आजवर कोणी बोलू दिले नव्हते त्यांना देवासमोर ओरडण्याचा अधिकार आहे, असा ह्या निर्णयाचा अर्थ लावता येईल. रमाबाईंनी तो ह्या शब्दांत मांडला नसला तरी. गलबला हा देवाच्या वाणीचा शत्रूच असतो, हे गृहीत केडगावी तरी टिकत नाही.

नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई ह्यांचे उदाहरण निराळ्या प्रकारचे आहे. टिळकांच्या आयुष्याला वळण लागले ते १८९३ साली आगगाडीच्या डब्यात. एका अनोळखी युरोपियन प्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली व दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. डोंगरावरील प्रवचनाने त्यांना जखडून टाकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचे ऐकणे असे वीज चमकावी तसे झाले. त्या विजेने लक्ष्मीबाईंचा संसार मात्र जळाला. काही वर्षे पतिपत्नी विभक्त राहिली. पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाई आपले सोवळे, आपले पाणी, आपली चूल वेगळी ठेवून होत्या. देवाने नवऱ्याला जे सांगितले ते बायकोला सांगितलेच असे होत नाही, हे त्यांनी वर्षानुवर्षे आपल्या वागणुकीने दाखविले. जात देवाने केलेली नाही, माणसांनी केली, हा उलगडा त्यांना कोणाच्या उपदेशाने झाला नाही. तो त्यांच्या स्वतःशी चाललेल्या विचारात, घरातल्या घरात झाला. त्यानंतर १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. ‘स्मृतिचित्रे’ त्यांनी १९३४ पासून प्रसिद्ध केली, तीत हा सारा प्रवास भांडीकुंडी, आजारपणे, मुले व थट्टामस्करी ह्यांच्यामधून सांगितला आहे. मराठीतील ह्या सर्वांत प्रामाणिक धर्मानुभवाच्या कथनात ध्यानासाठी राखून ठेवलेली अशी घटका जवळजवळ नाहीच. लूकच्या शुभवर्तमानातील मार्था कामाच्या धांदलीत वाणीला मुकली, असा उपदेश नेहमी केला जातो. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकापुढे तो थोडा पांगळा वाटतो.

टिळकांचे चरित्र १९२३ साली इंग्रजीत लिहिणारे जॅक विन्स्लो ह्यांची कथा येथे आडवळणाने येते. १९२२ साली त्यांनी ख्रिस्त सेवा संघ स्थापिला. पुढे ते फ्रँक बकमन ह्यांच्या ऑक्सफर्ड ग्रूपकडे वळले व १९३४ साली त्या चळवळीच्या समर्थनार्थ त्यांनी पुस्तक लिहिले. रोज सकाळी वही-पेन्सिल घेऊन स्वस्थ बसावे व देव सुचवील ते टिपून घ्यावे, ही त्या चळवळीची प्रसिद्ध पद्धत. वही, पेन्सिल व स्वस्थता ही तीनही ज्याच्यापाशी आहेत त्याच्याच ती सोयीची. नॅपच्या कसोट्यांशी तुलना केली तर तिच्यात दुसऱ्याने पारखण्याची सोय ठेवलेली आहे, एवढे मात्र मान्य करावे लागते; टिपलेले आपल्या सोबत्यांस दाखविण्याचा प्रघात त्या गटांत होता.

ह्याच दशकात वाशीमला रुग्णालय उभे राहत होते. मिशनच्या रुग्णालयात सकाळी कामाला आरंभ होण्यापूर्वी उपासना ही सामान्य रीत. तिच्या पाठोपाठ दिवस सुरू होई, आणि तो काही शांत घटकेचा विस्तार नव्हता. खेड्यांतून बैलगाड्यांनी आलेले रोगी, त्यांच्याबरोबर आलेले घरचे सारे माणूस, आवारात दगडांच्या चुली मांडून शिजविलेल्या भाकऱ्या, अडलेल्या बाळंतिणी, हिवतापाचा व सर्पदंशाचा हंगाम. डॉ. स्पायकर ह्यांना केवळ शस्त्रक्रिया करून भागले नाही. इमारती वाढविण्याच्या बांधकामावरही त्यांना स्वतः देखरेख ठेवावी लागली. विटांचा हिशेब, गवंड्यांशी घासाघीस व प्रसूतीची हाक ही एकाच सकाळी येत. मिशनऱ्यांचे अहवाल सातासमुद्रांपलीकडच्या देणगीदारांसाठी लिहिलेले असत, म्हणून त्यांत प्रार्थनेस मिळालेली उत्तरे पुष्कळ व गवंडी थोडे आढळतात. अभ्यासकाने त्यांचे वाचन करताना हे प्रमाण उलटे करून पाहणे हितावह ठरेल.

अशा ठिकाणी शिकणाऱ्या मराठी परिचारिकेला देवाची वाणी ऐकण्याविषयी जो शास्त्रपाठ हमखास सांगितला जातो तो शमुवेलाचा. मंदिरात निजलेल्या त्या मुलाला रात्री हाक ऐकू येते, आणि तो तीन वेळा उठून म्हाताऱ्या एलीकडे धावतो. प्रवचनांतून ह्याचा अर्थ बहुधा असा लावला जातो की, मुलाला अजून देवाचा आवाज ओळखता येत नव्हता. पण मूळ कथेचा बारकावा वेगळा आहे. एलीची दृष्टी मंद झालेली होती. रात्री त्याला कशाची तरी गरज लागली असेल असे समजून मुलगा धावतो, आणि प्रत्येक वेळी न कुरकुरता धावतो. ही हाक कोणाची हे अखेर त्याला सांगतो तो एलीच, म्हणजे ज्याच्या सेवेसाठी झोपमोड करून घेतली तोच. त्यानंतर मुलाला जे ऐकावयास मिळते ते मात्र एलीच्या घराण्याविरुद्धचा निवाडा असतो, आणि सकाळी तो त्याच एलीला सांगावा लागतो. शमुवेलाला तो सांगण्याचे भय वाटले, असे कथेत स्पष्ट म्हटले आहे. आदल्या रात्री ज्याच्या हाकेला ओ दिली त्याच्याविरुद्ध सकाळी बोलावे लागणे, हा प्रसंग रमाबाईंवर वाँटेजच्या पत्रव्यवहारात आला, लक्ष्मीबाईंवर स्वतःच्या स्वयंपाकघरात आला. वाशीमच्या रात्रपाळीत कोणावर आला असेल तर तो अहवालात उतरण्याचे कारण नव्हते.